पावसात भिजलेलं पीट मॉस कुंड्यांसाठी किती सुकवायचं?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा आहे. घरामागे पत्र्याखाली ठेवलेली पीट मॉसची गोणी ऑगस्टच्या पावसात तळापासून भिजली. चार बादल्या माल आहे, मूठ आवळली की पाणी गळतं. त्यात सिमेंट आणि परलाइट (फुलवलेले पांढरे हलके खडे) मिसळून त्यांना दिवाळीच्या आत हायपरटुफाच्या, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या हलक्या कुंड्या करायच्या आहेत. त्या विचारतात की हे ओव्हनमध्ये सुकवू, कढईत परतू की गच्चीवर उन्हात टाकू, आणि पूर्ण कोरडं व्हायला किती दिवस लागतील?

ताई, पूर्ण कोरडं करायचंच नाही. शेतकरी पेरणीआधी जमिनीचा वाफसा बघतो, तेवढ्या ओलीवर आणून थांबायचं. मूठभर घेऊन घट्ट दाबलं तर पाण्याचा थेंब पडू नये, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटाने टोचलं की तो भुसभुशीत फुटावा. कुंड्यांसाठी हे पुरेसं आहे. ह्याच्या पुढे सुकवण्यात वेळ जातो, शिवाय माल बिघडतो तो वेगळाच.

बिघडतो म्हणजे काय होतं? पीट मॉस म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षं साचलेलं स्फॅग्नम शेवाळ. आपल्याकडे येतं ते बहुतेक कॅनडा किंवा लॅटव्हिया, लिथुएनिया, एस्टोनिया ह्या भागांतून. त्याच्या पेशी पोकळ असतात, म्हणून ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या दहापट किंवा त्याहून जास्त पाणी धरून ठेवतं. पण तेच एकदा हाडासारखं वाळलं की पाणी झिडकारायला लागतं. वर पाणी ओतलं तर गोलगोल थेंब घरंगळतात आणि आत शिरतच नाहीत. अशा पीटमध्ये सिमेंट कालवलं की सुरुवातीला माल ओला वाटतो, आणि पीट हळूहळू पाणी ओढायला लागलं की हातातला माल पंधरा-वीस मिनिटांत कोरडा पडून साच्याच्या भिंतीवरून सुटतो. दुकानात 'सुकं' म्हणून मिळणारं पीट मॉससुद्धा खरं तर सुकं नसतं. त्याच्या वजनात साधारण ३५ ते ५० टक्के पाणीच असतं, आणि कंपन्या ते मुद्दाम ठेवतात.

मग ओलं असलं तर बिघडलं कुठे, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते हिशोबात. एक लिटरचं माप घ्या, न दाबता भरा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. वाफशावरचं पीट साधारण १५० ते २०० ग्रॅम भरतं. गच्च भिजलेलं तेच माप ६०० ते ८०० ग्रॅमच्या घरात जातं. म्हणजे दहा लिटरच्या एका बादलीत पाच लिटर पाणी चोरून येतंय. दुसरीकडे दहा लिटरची बादलीभर सिमेंट साधारण १४ किलो, आणि त्याला नीट पकड यायला लागतं साडेपाच-सहा लिटर पाणी. तुम्ही एक थेंबही पाणी घातलं नाही तरी गरजेचं जवळपास सगळं पाणी पीटमधून आलेलं असतं. कालवताना घमेल्यात ते दाबलं जातं, पाणी सुटतं, माल सैल होतो. सैल माल साच्याच्या उभ्या भिंतीवर थापला की खाली घसरतो, काठ पातळ राहतात आणि बूड जाड होतं. मग माणूस घाबरून वरून सिमेंट टाकत सुटतो. त्याने माल घट्ट होतो खरा, पण कुंडी जड होते आणि वाळताना तिला बारीक तडे जातात. हलकी आणि सच्छिद्र कुंडी हवी म्हणूनच तर हायपरटुफा करायचा. नाहीतर सरळ सिमेंटची तयार कुंडी आणलेली काय वाईट?

माप चुकण्याचं आणखी एक कारण आहे. चिंब पीट बसकं होतं, ढेकळं धरतं. अशी ढेकळं बादलीत मोजली तर एका बादलीत दीड बादलीचा माल जातो. आणि जे ढेकूळ तसंच भिंतीत राहतं, तिथे सिमेंट पोहोचत नाही. पुढे ते कुजून निघून गेलं की कुंडीला भोक पडतं.

आता सुकवण्याकडे येऊ. ओव्हन आणि कढई दोन्ही बाद. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हेच पीट विटांसारखं कापून, वाळवून चुलीत आणि शेकोटीत जाळतात. ते भडकत नाही, आतल्या आत धुमसतं, आणि धुमसणारं पीट वरून दिसतही नाही. कढईच्या तळाला कडेकडेचा माल असा धुमसायला लागला तर आधी मातकट जळका वास येतो, मग धूर. तो वास पडद्यांना आणि मसाल्याच्या डब्यांना बसला की लवकर जात नाही. मायक्रोवेव्हचंही तेच, मधला भाग आधी करपतो. खूपच घाई असेल आणि एखाद्या छोट्या कुंडीपुरतंच हवं असेल तर एक मार्ग सुरक्षित आहे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, वर परात ठेवून तिच्यात पातळ पसरा आणि उलथण्याने हलवत राहा. वाफेवर परात शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे करपायचा प्रश्न नाही. गॅस मात्र खूप जातो. चार बादल्यांसाठी हा उद्योग करू नका.

पहिलं काम पिळण्याचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. हवेने पाणी उडायची वाट बघण्याआधी जे हाताने निघतं ते काढून घ्या. जुनं सुती धोतर किंवा उशीचा अभ्रा घ्या, त्यात पाव बादली माल भरा, तोंड पिरगळा आणि न्हाणीघरात किंवा अंगणातल्या जाळीवर ठेवून वर पाट आणि पाटावर दोन-तीन विटा ठेवा. तासाभराने उलटा, पुन्हा दाब द्या. तपकिरी पाणी बराच वेळ निथळत राहतं. ह्या पाण्यात ह्युमिक आम्लं असतात, आणि ही आम्लं सिमेंटचं घट्ट होणं लांबवतात. त्यामुळे ते जितकं बाहेर जाईल तितकं आपल्या फायद्याचं. फेकू मात्र नका, अनंताला किंवा एक्झोऱ्याला घाला. आम्लधर्मी माती आवडणारी झाडं आहेत ती. निम्मं पाणी असं पिळून गेलं तर वाळवण्याचे दिवस निम्म्यावर येतात. अभ्र्यातून निघालेली वडी लगेच हाताने मोकळी करा. तशीच ठेवली तर बाहेरून वाळते आणि आत ओली राहते.

मग पसरायचं. इथे निफाड-लासलगावकडची कांदाचाळ डोळ्यांसमोर आणा. कांदा जमिनीवर ठेवत नाहीत, खालून वारं जाईल असा उचलून ठेवतात, आणि वर छप्पर असतं म्हणून ऊन-पाऊस थेट लागत नाही. पीटलाही तेच हवं. फरशीवर प्लास्टिक टाकून पसरलं तर वरचा थर कुरकुरीत आणि खालचा चिखल, अशी गत होते. त्यापेक्षा नवारीची खाट किंवा चार विटांवर ठेवलेली लोखंडी जाळी घ्या, तिच्यावर शेडनेटचा तुकडा आणि त्यावर पातळ सुती साडी. थर दोन बोटांच्या रुंदीएवढा, म्हणजे तीन सेंटीमीटरच्या आसपास. दहा लिटरची एक बादली एवढ्या जाडीने साधारण साडेतीन चौरस फूट जागा घेते, त्यामुळे तुमच्या चार बादल्या सहा बाय तीनच्या एका खाटेवर आरामात बसतील.

जागा सावलीची आणि वाऱ्याची. ओटा, जिन्याखालची जागा, पोर्च, काहीही चालेल. उन्हाला माझा विरोध नाही, पण भर उन्हात वरचा थर तासाभरात भुकटी होतो आणि नाशकातल्या गच्चीवरचा संध्याकाळचा वारा ती भुकटी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नेऊन टाकतो. उन्हात ठेवायचंच असेल तर सकाळचं कोवळं ऊन घ्या आणि वर दुसरी पातळ साडी झाका. दिवसातून तीन-चार वेळा हाताने खालीवर करायचं, ढेकूळ दिसलं की चोळून फोडायचं. हे चोळणं टाळू नका. पीट सुकतं ते ढेकूळ फुटल्यावरच.

किती दिवस? ढोबळ हिशोब सांगतो. ढगाळ पावसाळी हवेत उघड्यावर एका चौरस मीटरमधून दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं. न पिळता पसरलेल्या तीन सेंटीमीटर थराला त्यामुळे चार-पाच दिवस लागतात, पिळून पसरलेल्याला दोन-तीन. गणपती उठल्यानंतर आभाळ मोकळं झालं आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली की हाच काळ आणखी घटतो. झड लागली असेल तर खोलीत खाट ठेवा, टेबलफॅन खाटेच्या खालच्या बाजूला सोडा आणि एक खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत पंखा लावून काही होत नाही, तीच ओली हवा फिरत राहते. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या मंडळींना हा हिशोब लागू नाही. तिथे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे पीट काय वाळणार? त्यांनी पिळून गोणीचं तोंड उघडं ठेवावं आणि उघडीप मिळेपर्यंत थांबावं.

एक इशारा, हसू नका. घराजवळ मांजर असेल तर खाट झाकून ठेवा. मऊ, भुसभुशीत, वास शोषणारा ढीग मांजराला कशासाठी आवडतो हे सांगायला नको.

वाळतंय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. पीटचा रंग वर फिका पडतो, आत गडद राहतो, आणि माणूस फसतो. तेच एक लिटरचं माप रोज त्याच वेळी, थराच्या तळातून भरून वजन करा. आकडा दोनशे ग्रॅमच्या आसपास आला आणि मुठीची परीक्षा जमली की गोळा करा. ब्रँडनुसार आणि पीटच्या कणांच्या जाडीनुसार थोडा फरक पडतो, तेव्हा दोन्हींत मतभेद झाला तर मुठीवर विश्वास ठेवा. चुकून जास्त सुकलंच, तर कोमट पाणी थोडं थोडं शिंपडून, हाताने कालवून, रात्रभर झाकून ठेवा. गार पाण्यापेक्षा कोमट पाणी लवकर आत शिरतं.

गोणी तळापासून भिजली म्हणता, म्हणून हाताळण्याबद्दल थोडं. उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, हवा न मिळाल्यामुळे तसं होतं. दोन दिवस उघड्यावर खालीवर केलं की जातो. पांढरी बुरशी किंवा हिरवट थरही कुंडीच्या कामाला आडवा येत नाही. पण हातमोजे घाला, विशेषतः बोटांना कापलं-खरचटलं असेल तर. स्फॅग्नम शेवाळातून स्पोरोट्रायकोसिस नावाचा बुरशीचा त्वचारोग होतो, तो अशाच जखमेतून आत शिरतो. सुकं पीट चाळताना आणि परलाइट ओतताना नाकावर मास्क हवाच. परलाइटवर आधी थोडं पाणी शिंपडलं तर त्याची पांढरी धूळ उडत नाही, फक्त ते पाणीही हिशोबात धरा.

चाळणी वाळूवाल्यांची पाव इंची, म्हणजे सहा मिलिमीटरची. तिच्यावर राहिलेल्या काड्या आणि मुळं बाजूला काढा, ऑर्किडच्या कुंडीत उपयोगी पडतात. चाळलेलं पीट न दाबता मोजा आणि मोजल्यावरच मिसळा.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात. एक भाग सिमेंट, दीड भाग पीट, दीड भाग परलाइट. प्लास्टरमध्ये घालतात तो बारीक फायबर मूठभर. आधी सगळं पाणी न घालताच एकजीव करा, मग पाणी मगाने नाही, हाताच्या ओंजळीने. पीट वाफशावर असेल तर सवयीपेक्षा कमी पाणी लागेल. मालाचा गोळा दाबल्यावर दोन-चार थेंब बाहेर आले आणि गोळा तसाच राहिला की थांबा, आणि दहा मिनिटं माल झाकून ठेवून पुन्हा एकदा बघा. त्या दहा मिनिटांत पीट आपल्या वाटचं पाणी ओढून घेतं, आणि खरी स्थिती तेव्हाच कळते. थापताना भिंत इंच-सव्वा इंच, बुडाला भोक. ओलं सिमेंट कातडी भाजतं, त्यामुळे रबरी हातमोजे काढायचे नाहीत.

दुकानातून आणलेलं सिमेंट बहुधा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं पोर्टलंड पोझोलाना सिमेंट असेल. त्याची ताकद सावकाश येते. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि अशा मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगितलं आहे. पीटमुळे आपला माल आणखी मंद असतो, म्हणून मी दहाच्या खाली कधी येत नाही. पहिले दोन दिवस साच्यासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा. नख ओढल्यावर चरा उमटतो पण खड्डा पडत नाही, अशा वेळी साचा काढा आणि तारेच्या ब्रशने कडा घासून दगडासारखं खडबडीत रूप द्या. मग दहा दिवस पाणी मारा. त्यानंतर कुंडी बादलीत किंवा टाकीत बुडवून दोन-तीन आठवडे, पाणी बदलत बदलत ठेवा, कारण नव्या सिमेंटमधून सुटणारा चुना रोपाच्या मुळांना सोसत नाही. हे सगळं धरलं तर साच्यात माल भरण्यापासून रोप लावेपर्यंत पाच आठवडे जातात. दिवाळीपर्यंत तेवढे दिवस उरले नसतील तर घाईने कुंडी बाहेर काढू नका. कुंड्या रिकाम्याच मांडा, आत पणती ठेवा, आणि झाडं नंतर लावा.

आता न विचारलेली गोष्ट. पुढच्या वेळी कुंड्यांसाठी पीट मॉस आणूच नका. हे परदेशातून येतं, महाग असतं, आणि दलदलीत ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. सिमेंटमध्ये गाडून टाकायला इतका मोलाचा माल कशाला? केरळ-तामिळनाडूचं कोकोपीट गंगापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत मिळतं, आणि दिंडोरी-मोहाडीकडे पॉलिहाउसमध्ये तेच वापरतात. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर माल होतो. फक्त ते धुवायला हवं. नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि टॅनिनही, आणि टॅनिन सिमेंटला उशीर लावतं. दोन-तीन पाण्यांतून काढा, शेवटचं पाणी फिकट दिसेपर्यंत, आणि मग वर सांगितल्याप्रमाणेच पिळून वाफशावर आणा. कोकोपीटचे धागे लांब असतात, त्यामुळे पृष्ठभाग थोडा केसाळ दिसतो. कुंडी पूर्ण वाळल्यावर गॅस टॉर्चने झरझर फिरवलं की ते केस जातात. टॉर्च एका जागी थांबवू नका, आतलं पाणी वाफ होऊन टवका उडू शकतो.

आणि तुमचं हे पीट सगळंच कुंड्यांत घालू नका. चार बादल्यांतली दोन बिया रुजवायला ठेवा, ब्लूबेरी किंवा अझेलियाचा नाद असेल तर त्यांना. त्या दोन बादल्या एवढ्या सुकवायचीही गरज नाही. पिळून, एक दिवस वारा देऊन, प्लास्टिकच्या पोत्यात भरा, तोंड बांधा, पोतं विटांवर ठेवा, आणि पत्र्याची पागोळी जिथे पडते तिथून चार हात लांब.